कमल या स्त्री आहेत

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.४०.
वेळ मुद्दाम लिहिली. कंत्राटदाराच्या सुपरवायझरने सोसायटीच्या गेटवर कमलच्या हातात फेब्रुवारीची पगारचिठ्ठी ठेवली. ती वाचून घ्यायला कमल माझ्याकडे आली. जानेवारीपासून किमान वेतनातला भत्ता वाढला, तो मिळालाय. खाली व्यवसाय कर, तीनशे.
"दर म्हैन्याला दोनशे जात्यात, ह्या बारीला तीनशे. सुपरवायझर म्हनला, मावशी, पगार वाढला की कर वाढतोच."
साफ खोटं. फेब्रुवारीत कर भरणाऱ्या सगळ्यांचेच तीनशे जातात. पण पंचवीस हजारांपर्यंत बायकांना हा करच नाही, त्याला दोन वर्षं होतील. कमलला त्याच्या जेमतेम निम्मे मिळतात. संगीता तिच्याच जोडीने जिने झाडते. तिच्या चिठ्ठीत कराच्या जागी शून्य.
एकोणतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं केली मी. मला शिकवतात.

८ मार्च, शनि.
सुपरवायझरला गाठला. "बाई, कॉम्प्युटरमध्ये कमल पुरुष दाखवतंय. मी काय करू?"
संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये महिला दिन. सेक्रेटरी सान्यांनी कमल-संगीताला गुलाब दिले, फोटो काढले. म्हटलं, "साने, गुलाब देताना बरोबर ओळखलंत. पगार देताना कोणाला का दिसत नाही?" चहा न घेता घरी.

१३ मार्च.
पगार करणारं ऑफिस दुसऱ्या राज्यात. फोनवर मुलगा: "मॅडम, कमल तो जेंट्स का नाम होता है."
"हमारे यहाँ नहीं होता."
आधार कार्ड पाठवलं, त्यावर स्त्री छापलंय. संध्याकाळी मेल. नाव, पत्ता, वय आधारवरून दुरुस्त होतं, स्त्री-पुरुष ही नोंद होत नाही. स्त्री असल्याचा डॉक्टरी दाखला द्यावा, १५ एप्रिलपर्यंत. नाहीतर नव्या वर्षाच्या कामगार यादीत नाव घेता येणार नाही.
तीनदा वाचलं.

१७ मार्च, सोम.
कमलला सांगितलं. बादली विसळत होती. हात थांबले.
"डाक्टर काय बगनार?"
मी चालू राहिलेला नळ बंद केला.
"तीन बाळंतपनं झाली माजी. न्हाई जानार. जाऊ द्या दोनशे."
"दोनशे नाही कमल, काम जाईल."
"मग ते बी जाऊ द्या."
तिचा नवरा गुडघे धरून घरी बसलाय. घर हिच्या पगारावर. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

२२ मार्च, शनि.
सान्यांच्या कपाटातून तीन वर्षांपूर्वीची कामगार यादी काढली. कंत्राटदाराकडे हीच गेली होती. चूक कोणाची ते एकदा कळू दे, मग बघतेच, असं म्हणत काढली.
अक्षर माझं. तेव्हा खजिनदार मी.
फॉर्मची झेरॉक्स कडेला कापलेली. शेवटच्या रकान्याचं नाव फक्त 'एम /' एवढंच उरलंय. आमच्या शाळेच्या रजिस्टरात एम म्हणजे मॅरिड, डब्ल्यू म्हणजे विडो. त्या सवयीने मी भरलं. कमल एम. संगीता डब्ल्यू. दत्तू माळी एम. तिकडच्या पोराने वाचलं, एम म्हणजे मेल, डब्ल्यू म्हणजे वुमन. आधी सगळ्यांचाच कर कापायचे म्हणून कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी बायकांना माफी मिळाली तेव्हा संगीताचा थांबला, हिचा नाही.
नवरा जिवंत म्हणून कमल पुरुष. नवरा गेला म्हणून संगीता बाई राहिली.
साने हसून हसून लाल. मला हसू येईना. अक्षर सुरेख आहे. लहानपणी कॉन्व्हेंटच्या नन्सनी पट्टी मारून घडवलेलं. एकही खाडाखोड नाही.

२३ मार्च.
सान्यांकडून यादीची झेरॉक्स आणली.

२५ मार्च, मंगळ.
कमलला यादीचं सांगितलं.
"तुमी लिवलं व्हतं?"
"हो."
"मी भाईरच झाडत व्हते की. इचारायचं."
एवढंच. चहाचा कप तसाच ठेवून गेली. तिचं काही चुकलं नाही. दाराबाहेर माणूस होतं, आणि मी आत टेबलाशी बसून तिच्याबद्दल लिहीत होते.

१ एप्रिल.
कमल जिन्यात भेटते. मान हलवते, थांबत नाही. संगीताला म्हणे म्हणाली, "बाई वाईट न्हाईत. पर लय शिकलेल्या हायत."

३ एप्रिल, गुरु.
साने: "मॅडम, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. न तपासता दाखला देतील. विषय संपवा."
"आधी तुम्ही पुरुष असल्याचा घेऊन या, न तपासता. मग बोलू." दार लावलं.
पण हेही खरं की बारा दिवस उरलेत, आणि काम सान्यांचं जाणार नाही. माझंही नाही.
दुपारी कमलला विचारलं. या वेळी विचारलं. "तू सांग. दाखला, की माझी चूक कबूल करणारं पत्र?"
तिने खराट्याच्या काड्या सारख्या केल्या. "पत्र लिवा. पर आदी मला वाचून दावा."

५ एप्रिल, शनि.
पत्र तयार. कमलला दोनदा वाचून दाखवलं. "चूक माझी, कमल ओव्हाळ यांची नव्हे" हे वाक्य मी शेवटी ठेवलं होतं. तिने वर घ्यायला लावलं. खाली तिची सही, माझी सही. साने सोसायटीचा शिक्का देत नाहीत. नको. रजिस्टर्ड पोस्टाने आजच गेलं. तिने विचारलं, "लिवत्याल का हो ते?" माहीत नाही म्हणाले.
शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते:
"तरी डॉक्टरी दाखल्याची मागणी मागे घेतल्याचे, नव्या यादीत नाव घेतल्याचे आणि दोन वर्षांचा कापलेला कर कधी परत देणार ते शुक्रवार, ११ एप्रिल, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. उत्तर इंग्रजीत चालणार नाही, मराठीत हवे. त्यात 'कमल ओव्हाळ आमच्याकडे कामाला होत्या व आहेत' असे वाक्य असावे. 'होते' नव्हे. 'होत्या'."