गोठ्यात झोपणारा फौजी

बाई, तुम्ही आमच्या दारात पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुमच्या अंगावर ओरडलो होतो. ओरडलो म्हणजे चांगला परेडवरचा आवाज काढून. "आवं बाई, पितो का न्हाई तेच बघायला आलाय न्हवं? घ्या, तोंड हुंगा माझं." शेजारचे दोघंतिघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. तुम्ही चपला काढल्या, सोप्यातल्या खाटेवर बसलात आणि म्हणालात, "आधी पाणी द्या. कडेगावपासून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसलेय, जीव नकोसा झालाय." माझा सगळा आवाज तिथंच फुकट गेला. पाणी आणायला मी आत गेलो, तेव्हा चुलीपुढं बसलेली बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाईंना खरं सांगा. न्हाईतर मी सांगते." चुलीमागच्या कोनाड्यात तिची पिशवी भरून ठेवलेली होती. ती माहेरी जायला निघाली होती, आणि तिथनं परत यायचा तिचा विचार नव्हता.

तुम्ही सांगलीला समाजकार्याच्या कॉलेजात शिकवायचात. आमच्यासारखी माणसं व्यसनमुक्ती केंद्रातून घरी गेल्यावर पुढं त्यांचं काय होतं, याचा तुमचा अभ्यास चालला होता, आणि त्यासाठी तुम्ही गावोगाव हिंडत होता. मी कॉलेजाची पायरी कधी चढलो नाही. तुमच्या अभ्यासातला मी एक माणूस, एवढीच आपली ओळख. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. तिकडं पीत होतोच, पण तिथं वेळ ठरलेली, माप ठरलेलं. गावात कोण विचारतंय? सकाळी उसाला पाणी पाजायला म्हणून बाहेर पडायचो आणि दुपारी कुणीतरी धरून आणायचं. दोन्ही पोरं मला बघून मागच्या दारानं निघून जायला लागली, तेव्हा बायकोनं आणि मेहुण्यानं मला सांगलीच्या केंद्रात नेऊन घातलं. तिथनं मी बरा होऊन आलो. खरंच बरा होऊन आलो होतो, बाई. तुम्ही आलात त्या दिवसापर्यंत थेंबाला शिवलो नव्हतो. आणि तरी घरात मला कुणी बरा मानत नव्हतं.

त्याचं कारण तुम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्या फौजींच्या गावात कोट्याची गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. पेन्शनीतल्या माणसाला फौजेच्या कँटीनमधून दर महिन्याला स्वस्तात रम मिळते. ती सगळी तो स्वतः पितो असं नाही. निम्म्या गावाची कामं तिच्यावर होतात. पाण्याची पाळी वेळेवर मिळावी म्हणून एक बाटली, ऊस लवकर तोडावा म्हणून तोडणीच्या मुकादमाला एक, रात्री मोटर बंद पडली तर धावून येणाऱ्याला एक. मी पिणं सोडलं तेव्हा भावकी खूश झाली, पण लगेच म्हणाली, "तू नगं पिऊ गड्या, पर आणायला काय जातंय?" आमचे वडीलही तेच म्हणाले. मग मी साताऱ्याच्या कँटीनला जायचो, कोटा घेऊन यायचो आणि फौजेतल्या काळ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावायचो. ज्याला जशी द्यायची तशी वाटून होईपर्यंत चार-आठ दिवस जायचे. तेवढे दिवस ती ट्रंक माझ्या खाटेखाली असायची.

त्या चार-आठ रात्री मला घरात झोप लागायची नाही. अंगाखाली बाटल्या आहेत एवढंच डोक्यात. मग वाकळ उचलायची आणि गोठ्यात जाऊन म्हशींच्या शेजारी पडायचं. आता गंमत बघा, बाई, पूर्वी पिऊन आलो की मी गोठ्यातच झोपायचो, कारण बायको दार उघडायची नाही. त्यामुळं तिनं काय समजायचं ते समजली. घरात बाटल्या आल्या, नवरा गोठ्यात गेला, म्हणजे झालं सुरू. ती विचारेना आणि मी सांगेना. किल्ली तिच्याजवळ देऊन टाकायची, एवढं साधं काम होतं. पण सांगायचं काय? बर्फात, गोळीबारात पाय मागं न घेतलेला माणूस पत्र्याच्या ट्रंकेला भितोय, हे बायकोला कसल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा गोठ्यातले डास बरे वाटायचे.

तर त्या दिवशी सोप्यात तुम्ही प्रश्न विचारताय आणि मी उत्तरं देतोय. न्हाई. न्हाई. कवाच न्हाई. हजेरी दिल्यासारखी. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय, जरा जास्तच जोरात. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि सहज विचारल्यासारखं विचारलंत, "घरात दारू असते का हो?" खोटं बोलता आलं असतं. पण तुम्ही संशयानं विचारलं नव्हतं, घरात म्हैस असते का असं विचारावं तसं विचारलं होतं. मी म्हटलं, असते. कुणाची? माझीच. मग कोटा, पाणी, मुकादम, सगळं सांगितलं. तुम्ही मान डोलवत ऐकलंत आणि म्हणालात, "मग ती वाटून होईपर्यंत तुम्ही कसे राहता?"

"कसं म्हंजे? गोठ्यात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. "घरात ऱ्हायलो तर उघडीन की कुलूप."

आतला आवाज थांबला. बायको पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तुम्ही तिथं बसलेल्या आहात याचंही तिला भान नव्हतं. "आवं, मग मला का न्हाई सांगितलंसा?"

"तू इचारलंस कुठं?"

"भ्याले मी," ती म्हणाली. "इचारलं आनि तुमी व्हय म्हनलासा तर काय करू?"

मी खाटेच्या नवारीकडं बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलेलं तुम्हाला दिसू नये एवढीच धडपड होती, आणि ते तुम्हाला दिसलंच असणार. तुम्ही समजावलं नाहीत, पाठीवर हात ठेवला नाहीत. उठलात आणि बायकोला म्हणालात, "तव्यावरची करपतेय बघ." मग तिच्या मागोमाग आत गेलात आणि चुलीपुढं पाटावर बसून झुणका-भाकरी खाल्लीत. मी बाहेरूनच ऐकत होतो. तुम्ही दोघी हसत होता. माझ्यावरच हसत असणार, पण त्या घरात हसण्याचा आवाज ऐकून मला इतके दिवस झाले होते की म्हटलं, हसा बापड्यांनो. दुपारी तुम्हाला वडापमध्ये बसवून आलो, तर बायकोनं पिशवी रिकामी केलेली होती आणि लुगडी दोरीवर वाळत घातली होती. धुतलेलीच होती ती. तरी तिनं परत धुतली.

तुमचे उपकार मोजायला बसलो तर पहिला हा, की "कोटा बंद करा" असं तुम्ही एका शब्दानं म्हणाला नाहीत. म्हणाला असता तर मी हट्टानं आणला असता. मला मी ओळखतो. पुढच्या महिन्यात साताऱ्याला जायला निघालो तर बायकोच म्हणाली, "राहू द्या. पानी उशिरा आलं तर येऊ द्या." वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या साली पाण्याची पाळी खरंच चुकली आणि ऊस बारीक राहिला. त्याचं वाईट वाटलंच, उगाच मोठेपणा कशाला सांगू? पण मी घरात झोपत होतो. थोरला पोरगा एकदा माझ्या शेजारी येऊन आडवा झाला आणि झोपून गेला. मी रात्रभर कूस बदलली नाही.

मग तुमचा निरोप आला. "फौजींच्या घरी आमच्या कॉलेजच्या मुली गेल्या की सगळे 'सब ठीक' म्हणतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. तुम्ही येता का बरोबर?" मला वाटलं थट्टा करताय. पण तुम्ही मला खरोखर शिकवलंत. कुठं बसायचं, बायको कामात असताना तिला प्रश्न विचारायचे नाहीत, माणूस गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. हे शेवटचं मला लय जड गेलं. आटपाडीकडच्या त्या मेंढपाळाच्या घरी तर मी घोळच घातला. त्याच्या तोंडाला वास येत होता आणि तो शपथेवर सांगत होता की पीत न्हाई. माझं टाळकं सरकलं. "मला शिकवतो व्हय रं? मी असलं खोटं लय बोललोय," असं म्हणून मी त्याला पोरांदेखत झाडला. तुम्ही स्टँडवर आल्यावर बोललात. "वास मलाही येत होता. पण त्यानं आपल्याला घरात घेतलं होतं. आता पुढच्या वेळी घेईल का? तू फौज घरी ठेवून येत जा." अहो-जाहो सोडून तुम्ही मला अरे-तुरे केलंत ते त्या दिवसापासून. विट्यापर्यंत मी फुगून बसलो होतो, पण आतून बरं वाटत होतं. परक्याला कोण अरे म्हणतंय?

त्या मेंढपाळाकडं नंतर मी एकटाच गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या की. फौजी हाय तुमी, आवाज मोठाच असनार." मग त्यानं खरं काय ते सांगितलं, आणि सांगताना मेंढराच्या पिल्लाला पाजत राहिला, माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

दिवाळीला तुम्ही बायकोसाठी सोलापुरी चादर पाठवलीत आणि निरोप दिलात की ही गोठ्यात न्यायची नाही. ती चादर आमच्याकडं पाहुण्यांनासुद्धा मिळत नाही. तुमची ती थट्टा बायको अजून सगळ्या सोयऱ्यांना सांगते. सांगताना तुमचा आवाज काढते, आणि तो तिला अजिबात जमत नाही.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमचं काम तुमच्या विद्यार्थिनी चालवतात, आणि मी त्यांच्याबरोबर असतो. मध्यंतरी फलटणकडं होतो, आता पुन्हा आमच्या भागात. केंद्रातून माणूस घरी जायच्या आधी आम्ही त्याच्या घरी जाऊन येतो आणि घरात दारू कुणासाठी येते, कुठं ठेवतात, हे बायकोसमोर बसून बोलतो. नव्या पोरींना शिकवायला मला उभं करतात. मी गोठ्याची गोष्ट सांगतो, पोरी हसतात. शेवटी मी छाती काढून म्हणतो, तवापासनं आजपतोर मला पुन्हा पिऊ वाटलेलं नाही. टाळ्या पडतात.

बाई, ते खरं नाही. हे तुम्हाला सांगायला पाहिजे, म्हणून आज लिहायला बसलो. तुम्हाला अग्नी देऊन सांगलीहून परत येत होतो. विट्याला उतरलो, कडेगावच्या गाडीला वेळ होता, आणि माझे पाय मला समोरच्या दारूच्या दुकानात घेऊन चालले होते. खिशात हात घातलेला होता. आता कुणाला तोंड दाखवायचं आहे, असं मनात येत होतं. सरळ सांगतो, आई गेली त्यापेक्षा तुमचं जाणं मला जास्त लागलं. मी बायकोला फोन केला आणि म्हटलं, मी दुकानासमोर हाय.

तिनं कुठल्या दुकानासमोर ते विचारलं नाही. रडली नाही, शपथ घातली नाही. म्हणाली, "फोन ठेवू नगासा." आणि बोलायला लागली. म्हैस आज दूध चोरतीया, जावेनं लसणाचा वाफा आमच्या बाजूला सरकवलाय, धाकट्याला फळ्यावर गणित येत नव्हतं तर मास्तरांनी कान पिळला, आता ती जाऊन मास्तरांचा पिळणार हाय. मी नुसता हूं हूं म्हणत होतो. गाडी लागली, मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली, तरी ती बोलतच होती. कडेगाव येईपर्यंत बोलत होती. घरी गेलो तर तिचा घसा बसला होता.

हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि त्या दिवसाबद्दल तिच्याशीही मी परत कधी बोललो नाही. हे पत्रही कुठं टाकायचं नाही, तिला वाचायला देणार आहे.