पिवळा पट्टा, आकाशी पट्टा

आई, तुला नातू झालाय. खोलीला रंग द्यायचा म्हणून ह्यांनी काल समोरासमोरच्या भिंतींवर दोन मोठे पट्टे मारून घेतले, एक पिवळा, एक आकाशी. आज कंपनीत जाताना म्हणले, "संध्याकाळपतुर ठरव. दिवसभर तूच बघत बसणार हायस की." मी बाळाला घेऊन पिवळ्यापाशी बसले. त्याचं तोंड पिवळं दिसाय लागलं. आकाशीकडं सरकले, तर जरा कमी वाटलं. परत पिवळ्याकडं. सासूबाईंना म्हणलं, बाळ पिवळं दिसतंय. सासूबाई भाकरी थापत होत्या, म्हणल्या, "भिंतीचं पडतंय की तोंडावर. रंग बघाय सांगितला तर ही पोरात खोट काढाय लागली." मलाबी तसंच वाटून घ्यायचं होतं. पण बाळ सकाळपासनं दूध वढत न्हवतं, नुसतं झोपत होतं.

तवा तुझा कारखाना आठवला. तू टॉवेलांच्या गठ्ठ्यांत बसलीयस, मी तुझा डबा घेऊन आलीय. तू दोन टॉवेल पुढं धरतीस, "एकच रंग हाय का?" मी व्हय म्हणते. तू मनगट धरून मला दारात वढतीस. उन्हात एक गुलाबी निघतो, दुसरा विटकरीकडं गेलेला. "आतल्या उजेडात बघून व्हय म्हणायचं न्हाय," लई जोरात म्हणलीस, सगळ्या बाया बघाय लागल्या. मला राग आला होता.

तुझा पांढरा टॉवेल ट्रंकेतनं काढला, बाळाला त्यात गुंडाळलं आन दाराकडं निघाले. सासूबाई वरडल्या, "अगं बाळंतीण हायस, कुटं चाललीस, वारं लागंल." उन्हात बाळ पिवळंच होतं. डोळ्यातलं पांढरंबी पिवळं. सासूबाईंनी वाकून बघितलं, आन तव्यावरची भाकरी तशीच सोडून रिक्षा बघाय पळाल्या.

आता दवाखान्यात बसलीय. डॉक्टर म्हणले कावीळ. बाळ निळ्या उजेडाखाली हाय, डोळ्यावर पट्टी. त्या उजेडात काईच कळत न्हाय. सिस्टरला विचारलं, उतरलं का? "बघून न्हाय कळत ताई, संध्याकाळी परत रक्त घेऊ." हे चिंचोळीच्या कंपनीतनं तसेच आलेत, कामाच्या शर्टावर. मगाशी रंगवाल्याचा फोन आला, कुटला डबा आणू म्हणून. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, पांढरा. काई न विचारता त्यांनी तसं सांगितलं.

तू गेल्यावर शाळा सुटली, म्हणून अक्षर असं वाकडं. ही चिठ्ठी कुटं पाठवणार, घडी करून तुझ्या टॉवेलात ठेवते. एक सांगू का आई, मला पिवळाच आवडला होता.