बिनआवाजाचा सिनेमा

आबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या रविवारच्या सकाळचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी झालं ते. मी राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. एका गिऱ्हाइकानं परदेशातून आलेला, गेम खेळायचा बिघडलेला डबा आमच्याकडं टाकून दिला होता. मी तो उघडला, सोल्डरिंग करून आत एक चिप बसवली, मोठी हार्डडिस्क घातली. आता त्यावर गेमऐवजी सिनेमे चालणार होते. टीव्हीला जोडायचा आणि यादीतून नाव निवडायचं. मला तो तुम्हाला दाखवायचा होता. तीस वर्षं तुम्ही थिएटरच्या मशीनवर लोकांना सिनेमे दाखवलेत, पण रिळं बदलण्याच्या गडबडीत स्वतः एकही सलग बघितला नाही, असं आई म्हणायची.

अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही डबा मांडीवर घेऊन चारी बाजूंनी चाचपताय. "रिळं कुठं हायत?" मी म्हणते, "रिळं नाहीत आबा, सगळं आतल्या डिस्कवर." तुम्ही विचारता, "सोळा रिळांचा पिक्चर ह्यात? आन् मधीच तुटला तर जोडायचा कसा?" तुमच्या आवडीचा गावाकडचा जुना सिनेमा मी भरून आणला होता. डबा टीव्हीला जोडून त्याच्यासोबतचं रिमोटसारखं बटणांचं खेळणं घाईघाईनं दाबलं आणि चित्र आलं, पण आवाज नव्हता. लाल-पांढऱ्या पिना सैल असणार म्हणून मी टीव्हीच्या मागं वाकले. तुम्ही खुर्चीतून सांगू लागलात, "ऱ्हाऊ दे आवाज, पाठ हाय मला. आता बघ, ती हिरीवर येतीया. घागर खाली ठेवली. त्यो झाडामागनं बघतोय." पिन हातातच धरून मी मान पुढं काढून पाहिलं. माझ्याकडून यादीतलं भलतंच नाव दाबलं गेलं होतं. टीव्हीवर मावसबहिणीच्या लग्नाचं, त्याच डिस्कवर भरून ठेवलेलं शूटिंग चाललं होतं. हळदीला बसलेल्या बायका, आणि मधोमध आई, हिरव्या साडीत. "आता हसंल बघ," तुम्ही म्हणालात.

नकळत पिन आत गेली आणि खोलीभर सनई वाजायला लागली. तुम्ही बोलता बोलता थांबलात.

"आबा, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय की. उजेड दिसतोय. माणसं हायत एवढं कळतंय."

मग हळूहळू सगळं सांगितलंत. डावा डोळा वर्षापूर्वीच गेला होता, उजवा धुरकटला होता. मशीनमध्ये फिल्म बोटांनी चाचपून लावत होता, चित्र स्पष्ट आहे का ते डोअरकीपरला विचारत होता. मधुमेहाच्या गोळ्या घेत होता, पण डोळे कधी दाखवले नव्हते. लुना सोडून थिएटरला चालत जायला लागलात तेव्हा आम्ही समजलो होतो, आबांनी तब्येत मनावर घेतली. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "कसली गं सनई?" तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत. "तिला बोलू नको. रिटायर व्हायला चार म्हैने ऱ्हायल्यात. मला मशीनवरनं कुणी उठवायचं न्हाय. माझा मी उतरणार." मी आईला ओरडून सांगितलं, "काही नाही, चुकून लागलं."

त्यानंतर दर रविवारी आपण सिनेमा लावायचो. तुम्ही ऐकत होता आणि मी पडद्यावर काय चाललंय ते हळू आवाजात सांगत होते. चौथा महिना संपायच्या आत तुम्ही मशीन रूमच्या जिन्यावरून पडलात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आत रक्त उतरलंय. तीन-चार महिन्यांपूर्वी आला असता तर लेझर करून हा डोळा बहुतेक वाचवता आला असता. घरात कुणालाच कळलं नाही?" चार महिने म्हणजे मी गप्प बसले तेवढेच. आई नाही म्हणाली. मग डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मीही "नाही" म्हणाले. तुमची मान माझ्या आवाजाकडं वळली. वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "पोरीला काय इचारताय? माझं मलाच कळलं न्हाय."

पुढची सहा वर्षं तुम्ही अंधारात काढलीत आणि एकदाही तो विषय काढला नाहीत. आईला अजून माहीत नाही. तिच्यासमोर सांगायला जमेना म्हणून हे लिहायला बसले, पण हे ती वाचणार नाही आणि तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुमचा शब्द मोडवला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, आबा. घरातली एक गोष्ट तुम्ही आईच्याही आधी मला सांगितली होती, आणि त्या धक्क्यातही मला त्याचा आनंद झाला होता. तो कुणाबरोबर वाटून घ्यायची माझी इच्छा नव्हती.