विभाजक आणून दाखव

जुरा, ४ डिसेंबर १९५७

चि. गास्पार यास अनेक आशीर्वाद.

बर्फावरून घसरून मी पडले, हे डॉक्टर वेर्निएनं तुला कळवलं. मी आपली आपण उठून घरी चालत आले, हेही त्यानं कळवायला हवं होतं. ग्रनोबलला आमच्याकडे येऊन राहा, असं तू पुन्हा लिहितोस. सूनबाईनं खोली रंगवून ठेवली, तिचं कौतुक आहे. पण मी येणार नाही. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी माझ्या पंचेचाळीस आकडी संख्येपाशी बसले आहे. ती मूळ संख्या आहे असं माझं मन सांगतं, आणि ते सिद्ध करायला मला माझंच टेबल आणि माझंच हातानं फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र लागतं. त्याच्या खडखडाटानं तुमच्याकडे पोरं झोपायची नाहीत.

तरी शब्द देते. एक आणि ती स्वतः सोडून तिला निःशेष भागणारी संख्या, म्हणजे विभाजक, आणून दाखव, त्याच दिवशी सामान बांधते. मफलर घालत जा.

तुझी आई


ग्रनोबल, २० जानेवारी १९५८

ती. आईस सा. न. वि. वि.

हरलीस. आमच्या प्रयोगशाळेतलं विजेचं गणकयंत्र रविवारी मोकळं होतं, त्याला तुझी संख्या दिली. रीत तुझीच: चारपासून सुरुवात, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, तुझ्या संख्येनं भागायचं, उरेल त्याचा पुन्हा वर्ग, असं पुढे न्यायचं. शेवटी शून्य उरलं तर मूळ. शून्य उरलं नाही. पुन्हा करून पाहिलं, तेच. शेवटची बाकी सोबत लिहून पाठवतो.

रागावू नकोस. तू पडलीस तेव्हा हात द्यायला जवळ कुणी नव्हतं, या विचारानं माझी झोप उडाली आहे. पुढच्या आठवड्यात मंगळवारी गाडी घेऊन येतो. पेट्या भरून ठेव.

तुझा गास्पार


जुरा, २३ जानेवारी

चि. गास्पार यास आशीर्वाद.

तुझी बाकी माझ्या बाकीशी आकडान् आकडा जुळली. मी ती मागच्या आठवड्यातच काढली होती. तेव्हा संख्या मूळ नाही, कबूल. फार वाईट वाटलं, रडलेही. मग सूप गरम केलं.

आता तुझं. विभाजक कुठे आहे? यंत्राला विचार. त्यालाही ठाऊक नाही. या रीतीनं संख्येला भाग जातो एवढंच कळतं, कशानं जातो ते कळत नाही. गणित शिकवलं मी, आणि माझाच मुलगा शब्द नीट न वाचता गाडी काढतो.

वेर्निएचंही तसंच. मी केव्हा तरी कोसळणार, हे तो ठामपणे सांगतो. कशानं, ते विचारलं की बॅग उचलतो. तुम्हा दोघांनाही उत्तर सापडेपर्यंत मी माझ्या घरात आहे.

मंगळवारी मात्र जरूर ये. शेजाऱ्यांनी चीजचं आख्खं चाक दिलंय, मला एकटीला संपायचं नाही. परतताना पेट्यांच्या जागी ते ने. लोभ अखंड ठेव.

तुझी आई