इंजिनाची प्राणप्रतिष्ठा

१२ सप्टेंबर १९५३, शनिवार. गणेशचतुर्थी

घोटाळा झाला! मोठा घोटाळा.

दोन वर्षं बाळकुमच्या बंद खाणीतलं हे छोटं इंजिन खरवडतोय. गंज काढला, बॉयलरच्या नळ्या बदलल्या, पितळ घासून लखलखीत केलं. उद्यापासून दर रविवारी डोंगराच्या पायथ्यापासून खाडीच्या धक्क्यापर्यंत सहली — आणि चालवणार मी! कल्याणच्या शेडमध्ये उभं आयुष्य इंजिनं दुरुस्त केली, चालवली दुसऱ्यांनी. एकदा तरी चालवायचंय. बास.

आज नुसता नारळ फोडायचा होता. अण्णा गुरुजींना बोलावलं. पहाटेपासून नौपाड्यात घरोघरी गणपती बसवून आलेले, डोळे अर्धे मिटलेले. हात सवयीने चालले — अक्षता, मंत्र, मूर्तीच्या डोळ्यांना लावतात तसं दूर्वेने तूप घेऊन पुढच्या दिव्याला लावलं. माझं लक्ष कोळशाकडे. एकदम माझी बायको नीला ओरडली, "अहो, यांनी प्राणप्रतिष्ठा केली!"

अण्णा भानावर आले. "झाली खरी," म्हणाले. आणि पुढच्या घरी निघून गेले.

१३ सप्टेंबर, रविवार

प्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनापर्यंत जागची हलवायची नाही. नीलाने रात्रीत चारदा सांगितलं.

सहलीची माणसं आली. चपला काढल्या, जास्वंदी वाहिल्या, प्रदक्षिणा घातली, घरी गेली.

प्रभाकर मास्तर आमच्या सहल मंडळाचे सेक्रेटरी. म्हणतात कसे, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो. पण आधी तुम्ही पेटवा."

काडी हातात घेतली. नीला बघत होती. ठेवून दिली. भित्रा आहे मी!

१४ सप्टेंबर, सोमवार

खाणीचे मालक दौलतशेठ आले. इंजिन त्यांचं, रूळही त्यांचे. नमस्कार केला, प्रसाद खाल्ला, तोंड पुसलं. मग म्हणाले, "हरिभाऊ, सत्तावीस तारखेच्या रविवारपर्यंत माणसं बसवून चालवून दाखवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय."

"शेठ, देव भंगारात?"

"तोवर विसर्जन झालेलं असेल की!"

१६ सप्टेंबर

आज बॉयलरवर नैवेद्य. एवढा बॉयलर, आणि मोदक गार!

१८ सप्टेंबर

अख्खं बाळकुम आरतीला लोटतंय. धुराड्याला सोंड म्हणतात. आता नवा पेच — विसर्जन म्हणजे खाडीत! अण्णांना विचारलं. "वाहतं पाणी हवं," म्हणाले. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सहदेव आला. बाळकुमचाच, माझा फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. म्हणाला, "दादा, आमचे घरान पितलंचा गनपती हाय. त्याला खारीचा पानी दाखवतान नि परत घरी आनतान."

धातूची मूर्ती! अण्णांनी बराच विचार केला. "चालेल," म्हणाले. सहदेवाला मिठीच मारली मी.

२२ सप्टेंबर, मंगळवार. अनंतचतुर्दशी

विसर्जन झालं.

म्हटलं, धक्क्यापर्यंत रूळ आहेतच, वाफेवर नेतो. तेवढंच चालवायला मिळेल! अण्णा भडकले — "विसर्जनाला देव स्वतः चालत गेलेला पाहिलाय कधी?" मग दोरखंड बांधले, शंभरएक माणसं ओढायला. सगळ्यांत जोरात दौलतशेठ, गुलालाने लालभडक! मी इंजिनामागून चालत होतो, चिखलात, चप्पल तुटलेली. धक्क्यावर घागरींनी खाडीचं पाणी ओतलं. "पुढच्या वर्षी लवकर या!" सगळे रडले. नीला रडली. मी रडलो, पण माझं कारण वेगळं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

एक माणूस सहलीला यायला तयार नाही! पितृपक्ष लागला म्हणे, आता सहल कसली? मास्तर म्हणाले, "माझा विश्वास नाही. पण आईचं श्राद्ध आहे." सहदेवसुद्धा पाय मागे घेतो — "बाप्पा गेला. रिकाम्या मखरान जाऊन बसाचा काय, दादा?"

शेठकडे गेलो, हात जोडले. "ते आता नुसतं लोखंड, हरिभाऊ. भंगारात घातलं तर दोष लागत नाही. अण्णांना विचारलंय मी."

म्हणजे देव होतं तेव्हा चालवायचं नाही, लोखंड झालं तर मोडायचं. मी चालवायचं कधी? परवा संपणार सगळं. घरी येऊन जेवलो नाही. नीलाला सगळं सांगितलं. तिने भांडी फार आपटली.

२७ सप्टेंबर, रविवार

सकाळीच नीला पदर खोचून उभी. थालीपिठांचा डबा हातात. "दौलतशेठना मोडायला चालतं, तर मला बसायला का नाही चालत? उठा!" मला बाळकुमला नेलं, इंजिनाला जोडलेल्या सहलीच्या डब्यात एकटी जाऊन बसली. कोळसा मीच टाकला, मीच पेटवलं.

चालवली! मी चालवली!

शिट्टी ऐकून बाळकुम घराबाहेर — "बाप्पा आले! पुढच्या वर्षी म्हटलं तर याच आठवड्यात आले!" दौलतशेठ रुळाकडेला साष्टांग. मागून अण्णा धोतर सावरत, पळी-पंचपात्र घेऊन धावत येताना दिसले.

"अहो, थांबू नका!" नीला ओरडली.

थांबलो नाही.