खाट नव्हे, बेड

मल्लेश्वरम, बेंगळुरू
६ जानेवारी २०२५

ती. दादास, वीणाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कस्तुराबाई दिवाळीपासून माझ्याकडेच आहेत. सांगलीच्या घरी धुणीभांडी करून माझ्या शाळेच्या वेण्या घालणारे ते हात आता काठीसारखे झालेत. धाप फार. डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजनवर ठेवलं नाही तर वाचणार नाहीत.

येलहंक्याला नवं इस्पितळ झालंय. जमीन सरकारची, पैसा कंपनीचा. सरकारी चिठ्ठी असली की गरिबांना फुकट. मी पैसे भरते म्हटलं, तर म्हणाल्या, तुझ्या पैशांचा श्वास मला नको. आणि कारभार दोघांचा म्हटल्यावर म्हणाल्या, दोन घरचा पाहुणा उपाशी!

पुढच्या सोमवारची तारीख मिळालीय, तोवर घरी सिलिंडर आणलाय. कन्नड त्यांना ओ की ठो येत नाही. सारखं खाट, खाट. इस्पितळात कळावं म्हणून मी बेड म्हणायला शिकवलंय. दिवसभर घोकतायत.

लोभ आहेच, थोडी काळजीही करत जा.

तुझी
वीणा

सांगली
१० जानेवारी

चि. वीणास, अ. उ. आ.

अगं, सरकार-कंपनीच्या अशा करारांसाठी नोकरीत असताना आम्हीच भांडलो. एकटं सरकार बांधायला बसलं, तर उद्घाटनाला आपली नातवंडं जातील. निर्धास्त राहा. मिरजेला कस्तुराबाईंच्या लेकीला, सोयराला, कळवलंय.

आणि तुझं कॉन्व्हेंट त्यांना फार शिकवू नकोस. बऱ्या होऊन आल्या की माझ्या उपम्याला ब्रेकफास्ट म्हणतील.

आशीर्वाद आहेत, पत्र मात्र तू धाड.

दादा

मल्लेश्वरम
१६ जानेवारी

ती. दादास, सा. न.

कस्तुराबाई सोमवारी गेल्या. सोयराला फोन केला, पण कशा गेल्या ते सांगता आलं नाही. तुला लिहिते.

चिठ्ठीवर शिक्का पलीकडच्या इमारतीत मिळतो. त्यांना इकडेच व्हीलचेअरवर बसवून मी एकटी तिकडे गेले. सिलिंडर संपत आला होता. तेवढ्यात सरकारी बाजूची एक जागा रिकामी झाली. तिथल्या माणसानं त्यांना कन्नडात विचारलं, हवी का? या धापा टाकत म्हणाल्या, बेड, बेड. दादा, कन्नडात बेडा म्हणजे नको. त्यानं बरं म्हणून पुढच्याला आत घेतलं. मी शिक्का घेऊन परतल्यावर शेजारी बसलेल्या बाईनं मला हे सांगितलं, तेव्हा यांचे ओठ निळे पडले होते.

मी पैसे भरायला धावले. कंपनीची खिडकी म्हणाली, चिठ्ठीचा पेशंट आहे, आधी सरकारी बाजूनं सोडायला हवा. सरकारी खिडकी म्हणाली, त्यांनी नको म्हटलं, त्या आमच्या नाहीतच. मी तिसऱ्यांदा परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माया असू दे. या वेळी जास्त लागेल.

वीणा

सांगली
२२ जानेवारी

चि. वीणास, अ. उ. आ.

काल सोयरा आली होती. मला ऐकू येत नाही, म्हणून तिनं पाटीवर लिहून विचारलं, आई शेवटी काय म्हणाली?

मी खडूनं ‘बेड’ लिहिलं. मग पाटी पुसून तिला परत दिली.

तू आलीस की तूच सांग.

दादा