पात्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा

प्रिय चिमणे,

फोनवर तू "बाबा, कसे आहात?" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळा होतो. बोलणं मला कधी जमलंच नाही. लिहून बघतो.

कारखाना बंद झाला हे तुला ठाऊक आहे; कसा झाला ते सांगितलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना मोठ्या शेडमध्ये बोलावलं. म्हणाले, आता पवनचक्क्यांना याहून लांब पाती लागतात, ती इथे मावत नाहीत, काम दुसरीकडे जाणार. डोळ्याचं पातं लवायच्या आत आम्ही सगळे घरी! शेवटचं पातं साच्यातून निघालं तेव्हा आपला रंगारी त्यावरून नुसता हात फिरवत राहिला. "लेकीला सासरी धाडतोयस की काय?" मी थट्टा केली. तो हसला नाही. मग मलाही हसू येईना.

लहानपणी मी कामावरून आलो की तू धावत यायचीस आणि आई मधेच अडवायची. पाती ज्या काचेच्या कापडाची बनायची, त्याची कुसळं माझ्या अंगाला चिकटलेली. तुला टोचतील म्हणून आधी अंघोळ, मग लाड. तू "झालं का, झालं का" करत न्हाणीघराचं दार बडवायचीस. नवं पातं ट्रेलरवरून निघालं की माझ्या खांद्यावर बसून अख्ख्या रस्त्याला ओरडून सांगायचीस, "हे माझ्या बाबांनी केलंय!" अगं, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून केलेलं असायचं ते. पण मी कधी तुझी चूक सुधारली नाही.

आता रंगारी आणि मी फायबरच्या होड्या, पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतो. तेच कापड, तीच खाज, आईची कटकटही तीच. पोटापुरतं मिळतं. सुरुवातीला मात्र सकाळी उठून काय करायचं तेच कळायचं नाही, हे लपवत नाही.

काल आईने सांगितलं, तुला पवनचक्क्यांच्या देखभालीची नोकरी मिळतेय आणि तू नाही म्हणणार आहेस. "ज्या धंद्याने बाबांना घरी बसवलं, त्याचं मीठ मी खाऊ?" असं म्हणालीस म्हणे. पोरी, राग माझा आहे, तो माझ्याकडेच राहू दे. ते काम मला आवडायचं, अजून आवडतं. इतकी पाती केली, पण एकदाही वर चढलो नाही. तू जा. चढण्याआधी कमरेचा पट्टा नीट तपास, आणि वरून काय दिसतं ते मला कळव.

तुझाच,
बाबा